भल्या साहेबांची नोकरी सोडताना : पहिल्या विचारापासून शेवटच्या हिशेबापर्यंत

जाच करणाऱ्या साहेबांची नोकरी सोडताना राजीनाम्याचे चार शब्द लिहायला कोणालाच वेळ लागत नाही. लेखणी अडखळते ती भल्या माणसापुढे. ज्यांनी आईच्या ऑपरेशनच्या वेळी न मागता उचल मंजूर केली, ऐन पेरणीच्या आठवड्यात गावी जाऊ दिले आणि आपली चूक झाली तेव्हा वरिष्ठांसमोर ती स्वतःच्या अंगावर घेतली, त्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवताना आपण काही गुन्हा करत आहोत असे वाटू लागते. मराठवाड्यात हा पेच आणखी वाढतो, कारण येथे अनेक नोकऱ्या कोणीतरी शब्द टाकून लागलेल्या असतात. वाळूजच्या कारखान्यातील सुपरवायझर आपल्या मामांचे वर्गमित्र निघतात, पतसंस्थेचे व्यवस्थापक आपल्या लग्नाच्या पंगतीत जेवून गेलेले असतात आणि राजीनाम्याची चर्चा संध्याकाळपर्यंत गावातील पारावर पोहोचते.

अशा वेळी माणसे साधारण तीनपैकी एक चूक करतात. काही जण सांगणे पुढे ढकलत राहतात, काही जण खोटे कारण देतात, तर काही जण दुसऱ्याच्या तोंडून बातमी पोहोचू देतात. साहेबांना राजीनाम्याने जेवढे वाईट वाटते, त्याहून अधिक या तीन गोष्टींनी वाटते. उपकार नोकरीत अडकून राहिल्याने फिटत नाहीत. आपल्या जाण्याची बातमी साहेबांना सर्वांत आधी कळावी, शेवटची तारीख पक्की असावी आणि मागे राहणाऱ्या कामाची घडी नीट बसवलेली असावी, एवढी अपेक्षा चांगला साहेब रास्तपणे करू शकतो. पुढील सर्व सूचना याच तीन गोष्टींसाठी आहेत.

बोलण्यापूर्वी घरी पाहायचे कागद

नव्या ठिकाणचे नियुक्तिपत्र हातात येईपर्यंत कोणाकडेही काही बोलू नये. “तुम्ही या, बाकी आपण बघून घेऊ” हे तोंडी आश्वासन कितीही मोठ्या माणसाने दिलेले असले, तरी त्यावर चालू नोकरी सोडू नये. पत्र आल्यावर त्यातील पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख आणि परिवीक्षा कालावधी शांतपणे वाचावा. रुजू होण्याची तारीख आपल्या नोटीस कालावधीच्या आत येत असेल, तर ती पुढे नेण्याची विनंती नव्या कंपनीकडे आधी करावी आणि होकार लेखी घ्यावा. जुन्या साहेबांच्या भलेपणावर भरवसा ठेवून दोन्हीकडे वेगवेगळ्या तारखा देणारे लोक शेवटी त्याच भल्या माणसाला अडचणीत आणतात.

त्यानंतर आपले जुने नियुक्तिपत्र काढून नोटीसची अट पाहावी. लहान वर्कशॉप, दुकाने आणि खासगी दवाखान्यांत अनेकदा असे पत्रच दिलेले नसते. तेव्हा एक महिन्याची नोटीस देणे शोभून दिसते. खासगी शाळांतील शिक्षक व कर्मचाऱ्यांनी मात्र अंदाजावर जाऊ नये. त्यांच्यासाठी १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. त्यांनुसार कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एका महिन्याची नोटीस द्यायची असते. राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची असते. मुख्याध्यापक कितीही जवळचे असले तरी ही पद्धत टाळू नये, कारण तिच्यात त्यांच्यावर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. सरकारी सेवेतून दुसऱ्या सरकारी सेवेत जाणाऱ्यांनी अर्ज योग्य मार्गाने केलेला असावा आणि नव्या पदासाठी परवानगी घेऊनच राजीनामा द्यावा. तसे न झाल्यास निवृत्तिवेतनासाठीची मागील सेवा गमावण्याचा धोका असतो.

तिसरा कागद ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवेच्या वर्षांनुसार नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा. नियमित कर्मचाऱ्याला राजीनाम्यानंतर ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांसाठी नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही अट एका वर्षावर आणली आहे. हिशेब सोपा आहे. प्रामुख्याने मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागावे, १५ ने गुणावे आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणावे. हे वेतन १८,२०० रुपये आणि सेवा सात वर्षे असेल, तर ग्रॅच्युइटी ७३,५०० रुपये होते. पाच वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने उरले असतील, तर नव्या कंपनीला तारीख पुढे ढकलायला सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. चांगला साहेब स्वतःच “अरे, दोन महिने थांब, तुझेच पैसे आहेत” असे म्हणेल. परंतु हे लक्षात आणून देण्याचे काम त्यांच्यावर ढकलू नये.

बोनसविषयी मात्र उगाच भीती असते. दिवाळीच्या तोंडावर राजीनामा दिला तर बोनस बुडतो, असे सर्रास ऐकायला मिळते. ठरावीक वेतनमर्यादेत येणाऱ्या आणि त्या हिशेबी वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या कर्मचाऱ्याचा कायदेशीर किमान बोनस, म्हणजे वेतनाच्या ८.३३ टक्के, राजीनाम्यामुळे जात नाही. मालकाने खुशीने दिलेली भेट ही वेगळी गोष्ट, तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

राहता राहिली उचल. ती बाकी असेल तर बोलायला जाण्यापूर्वी नेमका आकडा काढावा आणि ती कशी फेडणार हेही ठरवून जावे. साहेबांनी स्वतःच्या खिशातून हातउसने दिले असतील, तर ते शेवटच्या पगाराची वाट न पाहता आधी परत करावेत.

हंगाम पाहून तारीख ठरवणे

शहाणा माणूस राजीनाम्याची तारीख कामाचा हंगाम पाहून ठरवतो. जालन्याच्या बियाणे कंपनीतील विक्री प्रतिनिधीने मे-जूनमध्ये, खरिपाचा माल दुकानोदुकानी जात असताना निघून जाणे म्हणजे साहेबांना पेरणीच्या दिवशी बैलाविना उभे करणे होय. लातूरच्या शिकवणी वर्गातील शिक्षकाने वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या आधीचे महिने टाळावेत. साखर कारखान्यात गाळप सुरू असताना, पतसंस्थेत मार्चअखेरीच्या तोंडावर आणि वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ग्राहक कंपनीचे ऑडिट जवळ आलेले असताना बाहेर पडणे शक्य तेवढे टाळावे. सर्वांना ते जमत नाही, कारण नवी नोकरी आपल्या हंगामाकडे पाहून येत नाही. नाइलाज असेल तेव्हा बोलताना स्वतःहून तो विषय काढावा, “वेळ अडचणीची आहे याची मला जाणीव आहे” असे म्हणावे आणि त्या अडचणीपुरती आपण काय तजवीज सुचवतो तेही सांगावे.

आठवड्याचा कोणता वार निवडावा यावर लोक फार विचार करतात; माझ्या मते त्याला फारसा अर्थ नाही. साहेबांच्या घरी दुखवटा किंवा लग्नकार्य नसावे आणि त्या दिवशी वरिष्ठांची भेट ठरलेली नसावी, एवढे पाहिले तरी पुरे.

बातमी आधी कोणाला

घरच्यांनंतर पहिली बातमी साहेबांना. शेजारच्या टेबलावरील मित्राला नाही, कंपनीच्या बसमध्ये रोज सोबत येणाऱ्याला नाही आणि ज्यांनी शब्द टाकून नोकरी लावली त्या नातेवाइकांनाही साहेबांच्या आधी नाही. त्या नातेवाइकांना मात्र त्याच दिवशी संध्याकाळी स्वतः फोन करावा, कारण त्यांनी आपली हमी घेतलेली असते आणि त्यांना ही गोष्ट तिसऱ्याकडून कळणे योग्य नव्हे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहती नकाशावर वेगळ्या दिसत असल्या तरी माणसे तीच फिरत असतात. मुलाखतीला गेल्याची कुणकुण कंपनीत पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून नियुक्तिपत्र आले आणि आपला निर्णय झाला की सांगण्यास चार दिवसांहून अधिक लावू नयेत.

समोर बसून बोलणे

हे बोलणे प्रत्यक्ष भेटूनच व्हावे. साहेब पुण्याच्या कार्यालयात बसत असतील तर फोनवर बोलावे. व्हॉट्सअॅपवर राजीनाम्याचा फोटो आधी पाठवून मग फोन करण्याची रीत अत्यंत कोरडी वाटते. वेळ मागताना विषय लपवू नये, पण उघडही करू नये. “सर, माझ्या नोकरीविषयी थोडे बोलायचे आहे, आज दुपारी दहा मिनिटे मिळतील का?” एवढे पुरते.

आत गेल्यावर पहिल्या दोन वाक्यांत मुद्दा यावा. आभारांपासून सुरुवात करण्याचा मोह होतो; परंतु पाच मिनिटे कौतुक ऐकल्यावर समोरचा माणूस काहीतरी मागणी येणार असे समजून बसतो आणि मग राजीनामा ऐकून त्याला आपली फसगत झाल्यासारखे वाटते. म्हणून क्रम उलटा ठेवावा :

“सर, मी दुसरीकडे नोकरी स्वीकारली आहे आणि तुम्हालाच सर्वांत आधी सांगतो आहे. नियमाप्रमाणे एक महिन्याची नोटीस देऊन ३१ तारखेला कामातून मोकळे व्हावे, अशी विनंती आहे. तुमच्याकडे मी जे शिकलो त्याच्याच जोरावर ही संधी मिळाली, याची मला जाणीव आहे.”

तिसऱ्या वाक्यात एखादा खरा प्रसंग घालता आला तर अवश्य घालावा. “तुमचे मार्गदर्शन लाभले” हे वाक्य प्रत्येक निरोपाच्या भाषणात असते, त्यामुळे ते कानावरून निघून जाते. “पहिल्या वर्षी माझ्या हातून अख्खी बॅच रिजेक्ट झाली, तेव्हा तुम्ही रात्री थांबून मला मोजमाप घ्यायला शिकवले” हे मात्र साहेबांच्या लक्षात राहते.

यापुढे गप्प बसावे. ही शांतता अवघड असते आणि तिला घाबरूनच बहुतेक जण नको ते बोलून जातात. कोणी “तसे अजून पक्के नाही” म्हणतो, तर कोणी “तुम्ही म्हणत असाल तर थांबतो” म्हणतो.

कारण विचारले जाईलच. खरे कारण थोडक्यात सांगावे. पगार हे कारण असेल तर पगार सांगावा. जबाबदारी, गावाजवळची जागा, मुलांची शाळा, जे असेल ते सांगावे. वडिलांची तब्येत आणि शेतीकडे लक्ष देण्याची गरज ही आपल्याकडील दोन लाडकी खोटी कारणे आहेत. ती टिकत नाहीत. ज्या साहेबांना आपल्या वडिलांविषयी खरीच आस्था असते, ते आठवड्याभराने तब्येत विचारायला घरी फोन करतात आणि मग आपल्यामुळे वडिलांनाही खोटे बोलावे लागते. ज्या गोष्टी सांगायच्या नसतील त्या सांगितल्या नाहीत तरी चालते. नव्या कंपनीचे नाव उघड करणे बंधनकारक नाही. “रुजू झाल्यावर मी स्वतः तुम्हाला सांगेन” असे नम्रपणे म्हणता येते. मात्र नवी कंपनी थेट स्पर्धक असेल तर ते लपवू नये, कारण कोणती कामे आपल्याकडून लगेच काढून घ्यायची हे साहेबांना ठरवावे लागते.

कंपनीविषयीच्या तक्रारी या भेटीत काढू नयेत. भला साहेब त्या स्वतःवर घेतो.

साहेब थांबवू लागले तर

कडक साहेब नोटीसचा महिना मोजतात. भले साहेब थांबवतात. “पगाराचे मी वर बोलतो”, “एप्रिलमध्ये तुझे प्रमोशन करायचे माझ्या मनात होते”, “निदान दिवाळीपर्यंत तरी थांब” ही वाक्ये मनापासून आलेली असतात आणि म्हणूनच ती मोडणे कठीण जाते. याचे उत्तर त्या खोलीत बसून शोधायचे नसते, ते घरूनच ठरवून जायचे असते. आदल्या रात्री स्वतःला एकच प्रश्न विचारावा : येथे पगार तेवढाच झाला तर मी राहणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर राजीनामा देऊ नये. साहेबांकडे सरळ पगारवाढ मागावी. राजीनामा दाखवून पगार वाढवून घेणे ही भल्या माणसाशी केलेली चलाखी ठरते. त्यांना आपल्यासाठी वरिष्ठांकडे शब्द खर्च करावा लागतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणासाठी तो शब्द उरत नाही.

उत्तर ‘नाही’ असेल, तर नकार पहिल्याच वेळी पूर्ण द्यावा. “सर, तुम्ही माझ्यासाठी वर बोलायला तयार आहात हे मला खूप मोठे आहे, पण मी तिकडे शब्द दिला आहे आणि तो बदलणार नाही. तुम्ही वर बोलून तुमची अडचण करून घेऊ नका.” यात त्यांचा मान राहतो आणि दारही अर्धवट उघडे राहत नाही. “विचार करून सांगतो” म्हणून बाहेर पडल्यास साहेब खरोखरच वर जाऊन बोलतात, मंजुरी आणतात आणि मग आपला नकार त्यांच्या वरिष्ठांसमोर त्यांचीच फजिती करतो.

मुदत वाढवण्याचा प्रश्न वेगळा आहे. आठ-दहा दिवस वाढवणे शक्य असेल तर ते आनंदाने द्यावेत, मात्र नव्या कंपनीला विचारून आणि नवी तारीख लिहून. “माणूस मिळेपर्यंत” ही तारीख नव्हे. त्यातून प्रत्येक आठवड्याला नवा संकोच सुरू होतो.

साहेब नाराज झाले, दोन दिवस बोलले नाहीत, असेही घडते. त्या काळात समजूत काढायला वारंवार जाऊ नये. नेहमीच्या वेळी यावे, नेहमीचे काम करावे आणि नमस्कार चुकवू नये. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी साहेबच चार्ज कोणाला द्यायचा हे विचारतात.

राजीनाम्याचे पत्र

मनातील भावना बोलण्यात येऊन गेल्यामुळे पत्र कोरडे असले तरी चालते, किंबहुना तसेच असावे. ते वर्षानुवर्षे फायलीत राहते. बोलणे झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ते द्यावे, कारण नोटीसची मोजणी सामान्यतः पत्र पोहोचल्याच्या तारखेपासून होते. मजकूर असा ठेवता येईल :

प्रति,
मा. व्यवस्थापक,
उत्पादन विभाग

विषय : पदाचा राजीनामा

महोदय,
मी आपल्या विभागात गुणवत्ता निरीक्षक या पदावर कार्यरत आहे. वैयक्तिक प्रगतीच्या कारणास्तव मी या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील अटीनुसार एक महिन्याची नोटीस गृहीत धरून मला दिनांक ३१ रोजी कामकाजाच्या अखेरीस कार्यमुक्त करावे, ही विनंती. या कालावधीत माझ्याकडील सर्व कामे आपण नेमाल त्या सहकाऱ्याकडे सोपवण्याची जबाबदारी मी घेत आहे. सेवाकाळात आपण दिलेल्या सहकार्याबद्दल मी आपला ऋणी आहे.
आपला विश्वासू,

प्रत्यक्ष पत्रात महिना व वर्षही घालावे, कर्मचारी क्रमांक लिहावा आणि पोच घ्यावी. पोच मागण्याचा संकोच वाटत असेल, तर हेच पत्र साहेबांना व मनुष्यबळ विभागाला ईमेलने पाठवावे. ईमेलची तारीखही पोचेचेच काम करते.

नोटीसचे दिवस आणि चार्ज

आपण साहेबांना किती मानत होतो, हे खरे तर या दिवसांत दिसते. पहिल्या दोन दिवसांत आपल्याकडील कामांची एक वही किंवा एक्सेल फाईल तयार करावी. रोजची कामे, महिन्यातून एकदा येणारी कामे आणि वर्षातून एकदा येणारी कामे असे तीन भाग त्यात असावेत. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण तो फक्त आपल्या डोक्यात असतो : फायर लायसन्सचे नूतनीकरण कोणत्या महिन्यात येते, वजनकाट्याची पडताळणी कोणाकडून करून घेतो, कोणता पुरवठादार दोनदा फोन केल्याशिवाय माल पाठवत नाही. जुन्या, अर्धवट राहिलेल्या प्रकरणांची खरी स्थिती लिहावी. कोणाकडे वसुली अडकली आहे, कोणते बिल आपल्याच हलगर्जीपणामुळे थांबले आहे, हे साहेबांना आपण असताना कळले तर ते निस्तरता येते. आपण गेल्यावर कळले तर त्याचे उत्तर त्यांना एकट्याने द्यावे लागते.

नव्या माणसाला काम समजावताना पहिला आठवडा आपण करावे आणि त्याने पाहावे, नंतर त्याने करावे आणि आपण पाहावे. आपली जागा भरलीच नाही, तर साहेबांसोबत बसून कोणते काम तूर्त बंद ठेवता येईल हे ठरवावे. हा सल्ला त्यांना आपल्याइतका नेमका दुसरा कोणी देऊ शकत नाही.

या काळात उरलेल्या रजा परवानगीशिवाय लावू नयेत. ग्राहकांचे क्रमांक, दरपत्रके, ड्रॉइंग स्वतःच्या मोबाइलवर किंवा ईमेलवर घेऊ नयेत. सहकाऱ्यांना नव्या ठिकाणी ओढण्याची बोलणी येथे बसून करू नयेत. कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप समूहातून बाहेर पडताना एक ओळ लिहून बाहेर पडावे.

निरोपाला शाल-श्रीफळ देणार असतील तर ते आनंदाने घ्यावे आणि दोन मिनिटे बोलावे. साहेबांसाठी महागडी भेट आणणे टाळावे, त्यामुळे त्यांनाच अवघडल्यासारखे होते. स्वतःच्या हाताने लिहिलेले एक पानी पत्र द्यावे, राजीनाम्याच्या पत्रात टाळलेले सगळे मनातले त्यात लिहावे.

कागद आणि पैसे

साहेब भले आहेत म्हणून हिशेब तोंडी ठेवू नये. पैसे देणारा विभाग बहुधा वेगळाच असतो. नो ड्यूजवर, म्हणजे काही येणे बाकी नसल्याच्या दाखल्यावर, सर्व विभागांच्या सह्या, कार्यमुक्ती पत्र, अनुभव प्रमाणपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका आणि पगारातून कापलेल्या प्राप्तिकराचा (टीडीएस) तपशील एवढे मागून घ्यावे. वेतन संहितेत राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. तरीही विचारणा साहेबांना मध्ये न घालता थेट लेखा विभागाकडे नम्रपणे करावी.

भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून न घेता जुन्याच यूएएनवर (निधीच्या कायम सदस्य क्रमांकावर) नव्या खात्यात वर्ग करावी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा जोडली जाते. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने नोंदवली की नाही हे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या (ईपीएफओ) संकेतस्थळावर पाहावे. ती नोंदली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधारच्या साहाय्याने ती स्वतः नोंदवता येते. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा क्रमांक नव्या नोकरीतही तोच चालतो, तेव्हा नवा काढू देऊ नये. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो. घरात कोणाचे उपचार चालू असतील तर नव्या ठिकाणचा विमा कधीपासून लागू होतो हे आधीच विचारावे.

गेल्यानंतर

पहिला महिना जुन्या कार्यालयातून फोन येतील. त्यांना उत्तरे द्यावीत, पण ती संध्याकाळी आणि आपल्या वेळेत द्यावीत. महिन्यानंतरही रोज फोन येत असतील तर प्रश्न एकत्र लिहून पाठवण्यास सांगावे. रुजू झाल्यावर साहेबांना कंपनीचे नाव स्वतः कळवण्याचे वचन दिले असेल, तर ते पहिल्याच आठवड्यात पाळावे.

नवी नोकरी मनासारखी न निघण्याची शक्यताही असते आणि तेव्हा पहिला फोन याच साहेबांना करावासा वाटतो. करावा, मात्र आपल्या जागेवर दुसरा माणूस रुजू झाला आहे का, हे आधी माहीत करून घ्यावे. तो बसला असेल तर त्याची जागा मागू नये, दुसरी काही जागा निघाली तर कळवावे एवढेच म्हणावे. जागा रिकामी असेल तर आडवळणाने न बोलता परत येण्याची इच्छा, अपेक्षित पगार आणि सध्याच्या ठिकाणचा नोटीस कालावधी एकाच वेळी सांगावा, म्हणजे साहेबांना वरिष्ठांकडे एकदाच जावे लागेल.